रोजची एकादशी

आमच्या घरातला गहू पुण्याच्या आत्याने बंद केला, तोही फोनवरून आणि पाच मिनिटांत. "वहिनी, दोन महिने त्याला गहू देऊच नका, बघा फरक पडतो की नाही," एवढं सांगून तिने फोन बाबांकडे द्यायला लावला आणि कुणाच्या तरी लग्नाचं बोलत बसली. माळव्यात राहून गहू सोडायचा म्हणजे काय, हे तिला पुण्यात बसून कळणं शक्य नव्हतं. माधव नगरात आमचं घर पहिल्या मजल्यावर होतं आणि स्वयंपाकघरात शिरताना डाव्या हाताला माणसाएवढी पत्र्याची कोठी होती. होळी झाली की बाबा बँकेतून अर्ध्या दिवसाची सुटी काढून मंडीत जात आणि वर्षाचा शरबती गहू घेऊन येत. मग आठवडाभर आईला दुसरं काम नसे. गच्चीवर जुन्या चादरी अंथरायच्या, गहू निवडायचा, त्याला ऊन द्यायचं आणि कीड लागू नये म्हणून तळहाताला एरंडेल घेऊन एकेक रास चोळायची. आमच्याकडे उन्हाळ्यात आंब्याच्या आधी एरंडेलाचा वास येई. सकाळी पोळ्या, संध्याकाळी पोळ्या, रविवारी दाल आणि कणकेचे गोळे उकडून भाजलेले बाफले, पोह्यांबरोबर कोपऱ्यावरची जलेबी. बाबा मूळचे जळगावकडचे, भाकरीवर वाढलेले. पण उज्जैनला बदली होऊन आले आणि वर्षभरात ज्वारीला 'ते गावाकडचं' म्हणू लागले. त्यामुळे आत्याचा फोन ठेवल्यावर आई कोठीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मग हा खाणार काय?"

मी तेव्हा अकरावीत होतो. आधी कोपरांवर बारीक पुरळ आलं, मग गुडघ्यांवर, मग कमरेच्या मागे खाली, जिथे चारचौघांत हात नेता येत नाही तिथे. टाचणीच्या डोक्याएवढे पाण्याचे फोड घोळक्याने येत. खाजवले की फुटत, मग खपली, मग काळा डाग, आणि डागाशेजारी नवा घोळका. खाज अशी की गणिताच्या तासाला मी बाकाच्या कडेवर कोपर घाशीत बसे आणि समोरच्या फळ्यावर काय चाललंय याचा पत्ता नसे. घरी येणारा प्रत्येक जण बघून निदान करून जाई. खालच्या मजल्यावरच्या चौबे आंटींच्या मते ही गर्मी होती, आणि त्या रोज कडुनिंबाचा पाला उकळून पातेलंभर पाणी वर पाठवत. बाबांच्या मते साबण वाईट होता. आईच्या मते साबणही वाईट होता आणि नजरही लागली होती. फ्रीगंजमधल्या डॉक्टर मॅडमनी एक मलम दिलं, ते लावलं की आठवडाभर बरं वाटे आणि मग पुन्हा तेच. पुढच्या वेळी दाखवायला जायचं ठरलेलं असताना आत्याचा फोन आला, आणि आमचं जायचं राहून गेलं. हे राहून जाणं पुढे फार महागात पडलं, पण तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

खाज मी सोसली असती. पण मी मल्लखांब करत होतो. दहा वर्षांचा असल्यापासून रोज संध्याकाळी सायकल काढायची, फ्रीगंजचा पूल ओलांडून जुन्या शहरातल्या व्यायामशाळेत जायचं, लंगोट बांधायचा आणि रांगेत उभं राहायचं. मल्लखांब ज्यांनी केला नाही त्यांना सांगतो, तो खांब नुसता हाताने धरायचा नसतो. मांड्या, बगला, पोट, मान, पायाची बोटं, सगळं त्याला लावावं लागतं. लाकडाला एरंडेल चोळलेलं असतं आणि ते तेल रांगेतल्या प्रत्येकाच्या अंगाला लागून पुढच्याकडे जातं. सहा वर्षं हे तेल मी अंगावर घेऊन घरी येत होतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. माझी उडी चांगली होती आणि तोल त्याहून चांगला. आदल्या वर्षी प्रदेशाच्या संघात सहा मुलं घेतली, मी सातवा होतो. पुढच्या वर्षी माझं वय त्या गटातून बाहेर जाणार होतं. म्हणजे उरलं होतं हे एकच वर्ष आणि दिवाळीनंतरची एकच निवड.

श्रावणाच्या तोंडावर मोघे सरांनी मला बाजूला घेतलं. सर गाणं म्हटल्यासारखं हळू बोलत, रागावतानासुद्धा.

"सुहास, दोघांच्या घरून फोन आला मला. मुलांना लागेल, असं म्हणून राहिले आहेत."

"सर, हे लागणारं नाहीये. डॉक्टर बोलल्या आहेत."

"मला माहीत आहे रे. पण मी कोणाकोणाला समजावू? हे साफ होऊन जाऊ दे, मग ये. तोपर्यंत खांबाला हात नको लावूस."

"आणि सिलेक्शन?"

"टाइम आहे अजून," सर म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर ठेवायला उचललेला हात त्यांनी मधेच खाली घेतला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आज पक्कं कळतं. त्या दिवशी मात्र मी सायकल हातात धरून पूल चालत ओलांडला, कारण डोळ्यांतल्या पाण्याने समोरचा टेम्पो दिसत नव्हता. रांगेत माझ्यामागे नेहमी दीपेश उभा असायचा, माझा जिवलग मित्र. फोन त्याच्या घरून गेला होता की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, म्हणूनच नाही विचारलं.

तर घरात गहू बंद झाला तो या आठवड्यात. आत्याने गव्हातल्या ज्या पदार्थाचं नाव सांगितलं होतं ते आईला ना उच्चारता आलं, ना समजलं. तिच्या स्वयंपाकघरात जगातल्या सगळ्या वस्तूंचे दोनच भाग होते, उपवासाला चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या. गव्हाची पोळी चालत नाही, मैदा चालत नाही, रवा चालत नाही, ब्रेड तर नाहीच. तिने दोन दिवस विचार केला आणि तिला एकदम सुटल्यासारखं झालं. "अरे, मग हा तर उपवासच झाला! रोजची एकादशी समज. एवढ्याचसाठी परेशान होत होते मी." त्या दिवसापासून माझं ताट वेगळं झालं. साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याच्या पुऱ्या, शिंगाड्याच्या पिठाचं थालीपीठ, उकडलेला बटाटा, ताक. आणि एकदा उपवास म्हटला की आईचा हात आपोआप उपवासाच्या वळणाने जाई. फोडणी तुपाची आणि जिऱ्याची. मोहरी नाही, हळद नाही, हिंग नाही, मीठसुद्धा सैंधव. मी म्हणालो, "आई, हळदीत कुठे गहू असतो?" तर म्हणाली, "उपवास करायचा तर नीट करावा."

बाहेर याचा अर्थ वेगळाच लागला. श्रावण चालू, त्यात मुलगा पोळी खात नाही, मल्लखांबालाही जात नाही, म्हणजे याने काहीतरी मोठं व्रत धरलं आहे, असं चौबे आंटींनी सगळ्या गल्लीत करून टाकलं. जिन्यात भेटल्या की विचारत, "बेटा, कौन-से महाराज ने बताया?" मी पुण्याची आत्या म्हणालो असतो तर त्यांना पटलं नसतं. सोमवारी देवाची पालखी, सवारी, निघते त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी वेगळा प्रसाद आणून दिला, तो लाडू होता रव्याचा. आईने तो डोळ्यांना लावला आणि बाबांना दिला. वर्गात मला 'भगतजी' म्हणू लागले. दीपेश डबा खाताना माझ्यासमोर पराठा उघडायला लाजे, मग मीच म्हणे, खा रे, बघू दे तरी. मला भूक लागे ती पोटाला नाही, जिभेला लागे. पोळी तव्यावरून गॅसवरच्या जाळीवर टाकली की फुगताना एक बारीक फुसकारा सोडते, तो आवाज ऐकला की मी अभ्यास टाकून गॅलरीत जाऊन उभा राही.

आणि मग फरक पडायला लागला. पहिले पंधरा दिवस काहीच नाही, उलट एक नवा घोळका आला. त्यानंतर नवं येणं थांबलं. गणपतीत खपल्या पडल्या. पितृपक्ष संपता संपता खाज इतकी कमी झाली की एक दिवस सबंध दुपार मी खाजवलं नाही हे संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. आई रोज सकाळी खिडकीपाशी उभं करून माझी कोपरं बघे, बोट फिरवी आणि म्हणे, "आज कालपेक्षा बरं आहे." मला तर वाटलं, जिंकलो. खरं सांगायचं तर नवरात्रात मी दीपेशबरोबर कोपऱ्यावर उभं राहून गरम जलेबीचे चार वेढे खाल्ले, मैद्याचे, तुपातले, आणि त्यानंतर आठ दिवस अंगाला हात लावून तपासत राहिलो. काही झालं नाही. हे मी घरी सांगितलं नाही. मनात मात्र एक शंका घर करून बसली, की गव्हाचा याच्याशी काही संबंधच नसेल तर?

दसऱ्याला शस्त्रपूजा होती म्हणून मी व्यायामशाळेत गेलो. सरांनी माझी कोपरं उलटसुलट करून बघितली, गुडघे बघितले. "बढिया. उद्यापासून ये." मग माझ्या दंडाला अंगठा आणि बोट लावून म्हणाले, "पण हे काय करून ठेवलं आहेस? काडी झाला आहेस. घरी सांग, साबुदाण्यावर खांबाचा होल्ड लागत नाही." ही गोष्ट मी घरी सांगितली आणि बाबांनी लगेच उचलून धरली. पोराला ताकद हवी, वरण हवं, डाळ हवी, भाकरी हवी, माझी आई काय भाकरीवर मला वाढवत नव्हती का, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जळगावच्या कुणाकडून तरी ज्वारी मागवली. आईला भाकरी थापता येत नव्हती, पहिल्या आठवड्यातल्या सगळ्या भाकऱ्यांना नकाशे होते, पण मी त्या तूरडाळीच्या वरणात कुस्करून अशा खाल्ल्या की ती पदराने तोंड झाकून हसली. वरण, आमटी, भाजी, मक्याचा कीस. गहू मात्र नाही म्हणजे नाही. माझ्यासाठी पोळपाटसुद्धा वेगळा घेतला होता.

दिवाळीच्या आठ दिवस आधी डाव्या कोपरावर तीन फोड आले. दुसऱ्या दिवशी उजव्या गुडघ्यावर. वसुबारसेपर्यंत कमरेच्या मागे पहिल्यासारखी आग.

घरात त्या वेळी फराळाचं चाललं होतं. आई शंकरपाळे तळून उठली होती, हाताला मैदा होता, आणि तिने माझं कोपर खिडकीशी नेऊन बघितलं. मग फळीवरचा कालच्या शंकरपाळ्यांचा डबा खाली घेतला. "झाकण तिरपं कसं काय?"

"मला काय माहीत?"

"सुहास, खरं बोल. मी मारणार नाही तुला. खाल्लेस तू शंकरपाळे?"

"नाही आई. शपथ."

"कधीच काही नाही खाल्लं? बाहेरसुद्धा नाही? डोळ्यांत बघून सांग."

डोळ्यांत बघून मला सांगता येईना. मी जलेबीचं कबूल केलं, आणि ती नवरात्रात खाल्ली होती, महिना झाला त्याला, तेव्हा काही झालं नव्हतं, हे सगळं एका दमात सांगत सुटलो; पण ज्याने जलेबी लपवली त्याच्या शंकरपाळ्यांवर कोण विश्वास ठेवणार? आई खाली बसली. "दोन महिने मी सगळ्यांना सांगत फिरले, माझा मुलगा कसा निग्रहाचा आहे म्हणून," ती म्हणाली, आणि पुढे असं काही बोलली की मी ते इथे लिहीत नाही. ती रागाने बोलली नव्हती, दमून बोलली होती, म्हणून ते जास्त लागलं. मी तिच्याशी बोलणं बंद केलं. त्या दिवाळीचं पहिलं अभ्यंगस्नान मी स्वतःचं स्वतः उरकलं, आणि उटणं लावायचं की नाही हेही विचारलं नाही.

शंकरपाळे बाबांनी खाल्ले होते. हे सांगायला ते पाडव्याच्या सकाळी स्वयंपाकघरात आले, आणि आई डाळीला फोडणी देत होती म्हणून ती वळेपर्यंत ओट्याशी उभे राहिले. बाबांची एक सवय होती, हाताशी येईल ते वाचायचं. पुडीचा कागद, औषधाची चिठ्ठी, काडेपेटी. त्यांनी हिंगाची डबी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डबी नाकापाशी नेऊन वाचू लागले. मी दारातच होतो.

"ऐकतेस का," बाबा म्हणाले, "या डबीत हिंग तिसऱ्या नंबरावर आहे. आधी गव्हाचं पीठ, मग डिंक, मग हिंग."

"काहीतरीच!"

"लिहिलं आहे इथे. वाच."

आईने गॅस बंद केला. डबी घेतली, हात पुसले, पुन्हा घेतली. हिंगाशिवाय वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी, असं म्हणणारी बाई ती. आमच्या घरात हिंग चिमटीने पडत नसे, पाव चमचा पडे. दसऱ्यापासून दोन्ही वेळच्या माझ्या जेवणात तो पडत होता, वेगळा पोळपाट घेतलेल्या, वेगळ्या डब्यात ज्वारी ठेवलेल्या माझ्या जेवणात. ती मला म्हणाली, "सुहास, इकडे ये." मी गेलो. तिने माझं कोपर हातात धरलं आणि रडायला लागली, "मी तुला खोटारडा बोलले रे." बाबांनी तेवढ्यात शंकरपाळ्यांचं सांगून टाकलं, त्यांना वाटलं असावं की आता सांगितलं तर फार लागणार नाही. त्यांचा अंदाज चुकला. पण ते सगळं निस्तरल्यावर, पोटात सकाळचं ऊन शिरल्यासारखं मला बरं वाटलं, कारण आता कारण सापडलं होतं. निदान त्या दिवशी तसं वाटत होतं.

दिवाळी झाल्यावर आम्ही तिघं डॉक्टर मॅडमकडे गेलो. आईने डबी पर्समध्ये घालून नेली होती. मॅडमनी माझी कोपरं, गुडघे पाहिले, सगळं ऐकून घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "गेहूँ बंद करने के पहले टेस्ट क्यों नहीं कराई?" त्यांना गव्हाची शंका पहिल्यापासून होती, दुसऱ्या भेटीत त्या तपासणी सांगणारच होत्या. पण गहू खाणं बंद केलं की रक्तातल्या खुणाही पुसट होतात, मग तपासणीत काही निघत नाही. आई डबी पुढे करून म्हणाली, "पण मॅडम, हिंग बंद था तब ठीक हुआ, हिंग चालू किया तो फिर हुआ. और क्या चाहिए?" मॅडमनी मान डोलावली. हो, तसं असू शकतं. मग त्यांनी विचारलं, त्याच वेळी आणखी काय बंद केलं होतं? मी म्हणालो, मल्लखांब. परत कधी सुरू केला? दसऱ्याला. आणि मल्लखांबाला काय लावता? एरंडेल. "तो तेल भी उसी हफ्ते बंद, उसी हफ्ते चालू," त्या म्हणाल्या. बाबा प्रामाणिक माणूस, त्यांनी भर घातली की गव्हालाही एरंडेलच लावतात, घरी, हाताने. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "गेहूँ पे भी?" त्यांनी एवढ्या आश्चर्याने विचारलं की मला हसू आलं, आणि लगेच रडू.

म्हणजे गहू असेल, तेल असेल, दोन्ही असेल, किंवा दोन्ही नसून आपोआप कमीजास्त होणारं काही असेल. जलेबीने काही झालं नाही याला अर्थ होता की नव्हता, तर मॅडम म्हणाल्या, एकदा खाल्ल्याने लगेच दिसेलच असं नाही. मला कळायला लागल्यापासून इतका गोंधळ झालेला आठवत नाही. उपाय एकच होता. मल्लखांब आणि तेल बंद ठेवायचं, सहा आठवडे रोज पोळी खायची, भरपूर, आणि मग तपासायचं. त्यात फोड वाढले तर वाढू द्यायचे. निवडीला पाच आठवडे होते.

घरी आल्यावर आई लगेच कणीक मळायला बसली. मी म्हणालो, "आई, नको. मी पोळी नाही खाणार. मला सिलेक्शनला जायचं आहे."

"सिलेक्शन होईल रे पुन्हा."

"नाही होणार. माझं वय जाईल."

"आणि हे काय आहे ते कळायला नको? जन्मभर असंच अंदाजाने खात राहशील?" मग कणकेत हात तसेच ठेवून ती म्हणाली, "मला कळायला हवं. माझ्या हातानं होत होतं का नव्हतं, एवढं मला कळायला हवं."

"तुला कळून काय करायचं आहे?" मी ओरडलो. बाबा बाहेरच्या खोलीत होते, त्यांनी ऐकलं, पण ते उठले नाहीत. आई बराच वेळ कणीक मळत राहिली. नंतर ती गोळा झाकून ठेवून उठली आणि तिने साबुदाणा भिजत घातला. ती माझ्या बाजूने झाली असं मला तेव्हा वाटलं. ती माझ्या बाजूने नव्हतीच, तिने फक्त तिला हवं होतं ते सोडून दिलं. हे कळायला मला स्वतःची मुलं व्हावी लागली.

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी कोठारातून एक जुना, खाली तडा गेलेला खांब काढून मागच्या अंगणात पुरून दिला आणि म्हणाले, "याला तेल नको लावूस, सुक्यावर कर. दमशील, पण हात तयार राहील." पाच आठवडे मी त्या खांबावर एकटा होतो. सुक्या लाकडावर मांड्या भाजून निघत, घसरायला काही नसल्यामुळे प्रत्येक गोष्ट दुप्पट जोराने करावी लागे. पलीकडून बाकीच्यांचा आवाज येई, सर आकडे मोजत ते ऐकू येई. घरी पुन्हा भगर, पुन्हा दाणे, आणि ताकद यावी म्हणून दूध, केळी, राजगिऱ्याचे लाडू. फोड हळूहळू बसले. का बसले ते विचारू नका, कारण पुन्हा एकदा आम्ही हिंग आणि तेल दोन्ही एकदम बंद केलं होतं. आज फ्रीगंजच्या दुकानात गहू नसलेलं पीठ पाकिटात मिळतं, तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, आणि माझी मुलं मला विचारतात, बाबा, तुम्हांला नक्की काय होतं? मी नोकरीला लागल्यावर तीन वर्षं सगळं खाल्लं, काही झालं नाही. मग एका हिवाळ्यात सगळं परत आलं. तेव्हाही मी तपासणी केली नाही. आता आई नाही, आणि मला कळून मी ते सांगणार कुणाला?

निवड झाली का, तर झाली. सहावा आलो, म्हणजे शेवटचा. पण त्या दिवसाचं मला आठवतं ते वेगळंच आहे. सकाळी दहाचं ऊन होतं, अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या, आणि आई आली होती. सहा वर्षांत ती कधी बघायला आली नव्हती, वरून पडशील असं तिला वाटे. सरांनी सगळ्यांसमोर माझी कोपरं बघितली नाहीत, आदल्या दिवशीच बघून ठेवली होती. अंगावर डाग होते, काळे, पण ओलं काही नव्हतं. नाव पुकारलं. पाच आठवड्यांनी मी तेल लावलेल्या खांबाला हात लावला आणि तो इतका हलका वाटला की मी दीड मिनिटात काय काय केलं ते मला आठवत नाही. शेवटी वर, टोकावर, एका पायावर उभा राहिलो. खाली उतरलो. टाळ्या वाजल्या असाव्यात. माझ्यामागे रांगेत दीपेश होता. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, कुणी बघतसुद्धा नव्हतं, पण मी बाजूला ठेवलेला माझा टॉवेल उचलला आणि वरपासून हात पोचेल तिथून खालपर्यंत तो खांब पुसायला लागलो, जोरजोराने, जिथे जिथे माझं अंग लागलं होतं तिथे तिथे.

सतरंजीवर बसलेली आई उठून उभी राहिली. सर पंचांच्या टेबलाजवळून चालत आले, त्यांनी माझ्या हातातून टॉवेल काढून घेतला आणि या वेळी हात माझ्या खांद्यावर ठेवला, नीट, सगळा पंजा टेकवून.

"पुसू नकोस रे," ते म्हणाले. "पुढच्याला तेल लागतं."

दीपेश धावत आला आणि त्याने खांबावर उडी मारली.